निळा मागितला तेव्हा

अक्का रागावली की घरातल्या इस्त्रीला वीज लागत नाही, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू देत. एकदा तिने शिलाई मशीनला असं झापलं होतं की ते बिचारं पुढे आठवडाभर कुणी हात न लावता सरळ शिवत होतं, आणि तेही मान खाली घालून. मी स्वतः पाहिलंय. आता मी पाहिलंय म्हटल्यावर आमच्याकडे कुणी विश्वास ठेवत नाही, तो भाग वेगळा. अक्का माझी थोरली बहीण. तिने लहानपणीच माझं नाव थाप्या ठेवलं. माझे केस पांढरे झाले, ते नाव काही सुटलं नाही.

पण आजचा राग मी मापात सांगणार आहे. त्याला वाढवायची गरजच नाही.

अक्काच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी काढायला तिच्याबरोबर मी गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली, बोटं समोर धरली आणि विचारलं, "किती दिसतात?"

अक्काने बोटांकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्या मागे पाहत होती.

"हा पडदा पांढरा आहे?"

"हो."

"मागच्या खेपेला पिवळा होता."

"तेव्हाही पांढराच होता, आजी. मोतीबिंदू पिकला की सगळं पिवळट, मळकट दिसतं. निळं तर नीट कळतच नाही. आणि आता काही दिवस उलटं होईल, जरा जास्तच निळसर दिसेल. घाबरू नका."

"आजी कुणाला म्हणता?" अक्का म्हणाली आणि उठली. पुढचं तिने ऐकलंच नाही.

परतीच्या वाटेवर ती एक अक्षर बोलली नाही. मी बसच्या ड्रायव्हरबद्दल एक बरी थाप लावली, तिच्याकडेही तिने लक्ष दिलं नाही. अक्का गप्प म्हणजे शिट्टी अडकलेला कुकर. मी जागा बदलून दाराजवळ बसलो.

गोधड्या शिवणं ही तिची हौस. हौस म्हणायची पद्धत आहे म्हणून हौस म्हणतो, एरवी तिच्या हौसेपुढे इतरांची नोकरी म्हणजे सुट्टी. रंगांच्या बाबतीत तर तिचा शब्द शेवटचा. गल्लीतल्या बायका भिंतीचा रंग ठरवायला तिला बोलवायच्या. "रंग एकटा बघायचा नसतो, शेजाऱ्यासकट बघायचा," असं ती सांगायची. पांढऱ्याशेजारी निळा ठेवला की पांढरा उजळतो, तपकिरी ठेवला की तोच आजारी दिसतो. आणि सूर्य कलला की रंगाचं काम बंद. दिव्याच्या उजेडात रंग खोटं बोलतात म्हणे, आणि खोटं बोलायला घरात मी एकटा पुरेसा होतो.

तिची शिवणाची खोली तळमजल्यावर, मागच्या अंगाला. एकच मोठी खिडकी, खिडकीसमोर दाराएवढं टेबल, भिंतीला फळ्या, फळ्यांवर रंगवार रचलेले कापडाचे गठ्ठे. वरच्या मजल्यावर तिची धाकटी जाऊ राहते. दोघींचे नवरे या गोष्टीत नाहीत. आवाज चढले की कुठल्या दाराने बाहेर पडायचं हे त्या दोघा भावांना लग्नानंतर लगेच समजलं होतं, आणि त्या दिवशीही ते तिथूनच गेले.

टेबलावर चादरीखाली चिमणीची गोधडी होती. चिमणी म्हणजे अक्काची मुलगी, एकुलती एक. तिला लांबच्या शहरात नोकरी लागली होती. रविवारी सकाळच्या गाडीने जाणार, अनोळखी घरात एक खोली घेऊन राहणार. "तिथे तिला कुणी विचारणार नाही. निदान अंगावर घ्यायला आपल्या घरावरचं आकाश तरी नेऊ दे," असं म्हणून अक्काने ही गोधडी मांडली होती. मध्ये चंद्र, सायीच्या आणि फिकट आकाशी तुकड्यांचा, धाकट्या जावेने जोडलेला. त्याच्याबाहेर निळ्याची कडी, मग त्याहून गडद, आणि सगळ्यात शेवटी चारी बाजूंनी शाईसारखी रात्र. तुकडे जोडून झाले होते. खाली अस्तर, मध्ये कापूस, आणि तिन्ही थर कच्च्या दोऱ्याने धरून ठेवलेले. चंद्रावर बारीक टाके पडले होते. कडांवरचे टाके तेवढे बाकी होते.

अक्काने चादर ओढली.

मी आधी इस्त्री उचलून कपाटावर ठेवली.

चंद्र सुरेख होता, खोटं कशाला बोलू. पण त्याच्याबाहेरची निळी कडी अशी, की कानाशी कुणी पत्र्याचा डबा बडवतंय. आणि जिला रात्र व्हायचं होतं ती कड वांग्याच्या सालीसारखी जांभळी. मधूनमधून काळा तुकडा. रात्र कसली, मार खाऊन सुजलेला गाल.

"हे काय आहे?" अक्का म्हणाली.

"गोधडी."

"थाप्या, मी निळा मागितला होता. ही कड निळी आहे?"

"नाही."

"मग घरात एवढे डोळे आहेत, एकाच्याही तोंडातून निघालं नाही?"

"मी सांगितलं होतं."

"कधी?"

"कड शिवत होतीस तेव्हा. म्हटलं होतं, अक्का, हा जांभळा आहे."

"आणि त्याच्या आधी पाच मिनिटं काय सांगत होतास?"

मला आठवत होतं. तळ्यातल्या एका माशाने माझा चष्मा पळवला, आणि आता तो चष्मा लावून वर येतो, गळ आधी नीट तपासतो आणि मगच आमिष खातो, असं सांगत होतो.

"त्या माशापाठोपाठ आलेला जांभळा मी खरा मानायचा?" अक्काचा आवाज खिडकीच्या काचेत भरला. "तू एक तर कायम खोटं बोल, नाहीतर कायम खरं. असं मधेच खरं बोलून माणसाचा घात करू नकोस!"

तिने टेबलावर मूठ आपटली. टाचण्यांचा डबा उडाला आणि सगळ्या टाचण्या छताला जाऊन रुतल्या. बरं, छताला नाही. पण जमिनीवर सगळीकडे, आणि त्यातली एक माझ्या चपलेत.

आवाज ऐकून चिमणी धावत आली. "आई, डोळ्याला त्रास होईल, ओरडू नकोस. कसं दिसतंय आता?"

"हे कसं दिसतंय ते तू सांग." अक्काने कड तिच्या नाकाशी धरली.

"छान आहे."

"चिमणे."

"छान आहे म्हटलं ना."

"रविवारी हे अंगावर घेऊन झोपणार आहेस तू. माझ्याकडे बघून सांग."

चिमणीने आधी माझ्याकडे पाहिलं. मी चपलेतली टाचणी शोधत होतो. मग तिचाही तोल गेला. अक्काचीच मुलगी ती.

"भयंकर आहे! झालं समाधान? सगळ्यांना दिसत होतं. पण तुला सांगणार कोण? काकूने चंद्र केला तेव्हा तू काय केलंस? दोनदा उसवायला लावलास. शेजारपाजारच्या बायका बसलेल्या असताना म्हणालीस, तुला रंग दिसत नाहीत, तू भिंतीला चुना लाव. त्यानंतर या घरात तुझ्यासमोर रंगाचं नाव काढायची कुणाची छाती होती?"

"उसवायला लावला म्हणून तर हा चंद्र असा झाला!" अक्का ओरडली. "सगळ्या गोधडीत हीच एक गोष्ट नीट आहे. का? कारण मी पाठ सोडली नाही. आधी काय होतं ते? मळकं, पिवळट, जुन्या उशीच्या खोळीसारखं."

असं म्हणून ती चंद्रावर वाकली. नवा डोळा चुरचुरत असावा, तिने तळहाताने झाकला. आणि तशीच थांबली.

मग हात काढला. मग दुसरा डोळा झाकला. पुन्हा पहिला. एखादी खिडकी उघडमीट करावी तसं बराच वेळ चाललं. मी काही तिच्या डोळ्यात शिरून पाहिलेलं नाही, पण तिचं तोंड पाहत होतो. नव्या डोळ्याने चंद्र बघताना तिचं तोंड मऊ व्हायचं. जुन्या डोळ्याने बघताना आक्रसायचं, आणि हे आक्रसलेलं तोंड मला चांगलं ठाऊक होतं. धाकटीने पहिल्यांदा चंद्र आणून ठेवला तेव्हा अक्काचं तोंड नेमकं असंच झालं होतं.

"थाप्या," ती हळूच म्हणाली, "या डोळ्याने हे अजून मळकंच दिसतंय."

आणि गोधडी गोळा करून, सुया टाचण्यांसकट, ती जिना चढायला लागली. आम्ही दोघं मागे. कड झाल्यापासून धाकटीने तो जिना उतरलेला नव्हता. गुडघे दुखतात म्हणायची. गच्चीवर मात्र ते गुडघे दिवसातून दहादा चढत.

धाकटी खिडकीशी भाजी निवडत बसली होती. अक्काने गोधडी तिच्या मांडीवर टाकली. भाजी खाली सांडली.

"हा चंद्र तू कितीदा बदललास?"

धाकटीने आधी भाजी गोळा केली. काडीन् काडी. माझ्या देखत त्या भाजीची पानं रागाने सुकली, पण ते राहू दे.

"एकदा," ती म्हणाली.

"मी दोनदा उसवायला लावला."

"पहिल्यांदा उसवला, जाऊबाई. सगळा. नवे तुकडे कापले, रडत कापले, आणि परत तोच रंग लावला. कारण तोच बरोबर होता. तुम्ही परत नाक मुरडलंत, सगळ्यांसमोर चुन्याचं बोललात. दुसऱ्यांदा मी वर आले आणि एक जुनी उशीची खोळ उसवली. टरटर आवाज खाली यावा म्हणून दार उघडं ठेवून उसवली. आणि चार दिवसांनी तोच चंद्र, एक टाकाही न बदलता, तुमच्यापुढे ठेवला."

अक्काने गोधडीचं टोक ओढून चंद्र पुन्हा पाहिला.

"काय म्हणालात आठवतं? म्हणालात, आता कसं! शिकलीस बाई एकदाची!"

चिमणीच्या तोंडून हसू निसटलं. अक्काने तिच्याकडे नुसतं पाहिलं, ते हसू परत आत गेलं.

"त्या दिवशी मला कळलं," धाकटी म्हणाली, "की तुम्हाला दिसत नाहीये."

"आणि तू गप्प बसलीस."

"नुसती गप्प नाही बसले." धाकटी आता उठून उभी राहिली होती. ती अक्काच्या खांद्याला लागते, पण त्या दिवशी मला दोघी सारख्याच उंचीच्या दिसल्या. "फळीवरून कापड काढून कोण देत होतं तुम्हाला? मीच ना. तुम्ही म्हणायचात, निळा दे, अजून गडद. मी जांभळा दिला. हातात निळा घेतलेला असायचा, तो ठेवून जांभळा दिला. तुम्ही तो खिडकीशी नेऊन, मान वाकडी करून बघायचात आणि म्हणायचात, हा बघ, याला म्हणतात निळा. आणि मी म्हणायची, हो जाऊबाई."

मी आयुष्यभर वादळं, भूकंप, उलटे वाहणारे नाले सांगत आलो. त्यातलं एकही इथे वापरता येत नाही. अक्का ओरडली नाही. तिचे ओठ पांढरे पडले, नव्या डोळ्याला दिसेल तसे पांढरे.

"माझ्यावर राग होता ना?" ती म्हणाली. "मग माझ्यावर काढायचास. माझ्या ताटात माती कालवायचीस. सगळ्या गल्लीला सांगायचंस, थोरली आंधळी झाली. पोरीच्या अंगावर का काढलास? ती परक्या गावात हे पांघरून बसेल, लोक हसतील, आणि ती सांगेल माझ्या आईने केलंय. तिने तुझं काय वाकडं केलं होतं?"

धाकटीने चिमणीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिची नजर खाली गेली.

"रोज ठरवायची," ती म्हणाली. "आज सांगीन. रोज. तुम्ही एकदा विचाराल, तुला कसं वाटतं, आणि मी लगेच सांगीन. एकदा जरी विचारलं असतंत, जाऊबाई! एवढी वर्षं बरोबर शिवतोय, एकदा?"

"विचारलं नाही म्हणून पोरीला बुडवायचं?"

"बुडवलं, चुकलं माझं! पण तुम्ही चुन्याचं बोललात ते?"

"ते चुकलं! झालं?"

"असं ओरडून?"

"मग कसं म्हणू? गाऊन?"

दोघी एकमेकींसमोर धापा टाकत उभ्या होत्या. दारात चिमणी म्हणाली, "रविवारला दोन दिवस राहिलेत. मला काही नको. मी बाजारातून एक पांघरूण घेईन."

बाजारातून हा शब्द तिने मुद्दाम वापरला असावा. दोघींनी एकदम तिच्याकडे पाहिलं, एकदम म्हणाल्या, "गप्प बस!" आणि गोधडीची दोन टोकं दोघींनी धरून जिना उतरायला सुरुवात केली. गुडघ्यांबद्दल कुणी काही विचारलं नाही.

पुढचे दोन दिवस त्या खोलीत मी टाके उसवायचं बोथट हत्यार घेऊन बसलो होतो. जांभळा तुकडा सुटला की दोघींपैकी कुणीतरी तो माझ्या अंगावर फेकायची. मधली भगभगीत कडी अक्काने स्वतः निवडली होती, ती तिने एकटीने उसवली, कुणाला हात लावू दिला नाही. दातांनी दोरे तोडत होती. ते तुटल्याचा आवाज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जात होता, दुकानदाराला विचारा हवं तर.

मग नव्या कापडाची वेळ आली. अक्काने फळीवरून एक गठ्ठा काढला, खिडकीशी नेला, मान वाकडी केली.

"हा. हा खरा निळा. आता दिसतोय मला."

धाकटी गप्प राहिली. खोलीत सुई पडली असती तर ऐकू आली असती, आणि आधीच बऱ्याच पडलेल्या होत्या. आपण पुन्हा त्याच जागी आलोय हे सगळ्यांना कळत होतं.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "तो राखाडी आहे."

"काय?"

"राखाडी. ऑपरेशनने तुम्हाला सगळं निळं दिसतंय. मला दिसतोय तो राखाडी."

"अगं, काल परवा डोळा उघडलाय माझा, पैलतीरावरची मुंगी दिसतेय मला, आणि तू..." अक्का थांबली. तिच्या मानेची शीर उडत होती. मी कपाटावरच्या इस्त्रीकडे पाहिलं. वाफ येत होती.

"थाप्या," ती दातओठ खात म्हणाली, "डॉक्टर काय बोलत होता मी उठले तेव्हा?"

"जरा जास्तच निळसर दिसेल काही दिवस, म्हणाला."

"खरं?"

"खरं, अक्का. मासा मध्ये नाहीये."

तिने तो गठ्ठा जमिनीवर आपटला. मग उचलला, फळीवर परत ठेवला, आणि धाकटीकडे न बघता हात पुढे केला.

"दे. तुला वाटेल तो दे. पण नाव घेऊन दे. हातात ठेवताना मोठ्याने सांग काय देते आहेस. नुसतं हो जाऊबाई म्हणालीस तर बघ."

"निळा," धाकटी जोरात म्हणाली आणि तिच्या हातावर एक तुकडा आपटला. "हलका निळा! हा त्याहून गडद! हा शाईचा!"

"ओरडतेस कशाला?"

"तुम्हीच म्हणालात मोठ्याने!"

शनिवारी सूर्य कलला तेव्हा निळ्या कड्या बसल्या होत्या आणि तीन बाजूंची रात्र झाली होती. चौथी बाजू जांभळीच होती. चिमणी म्हणाली दिवा लावा, मी म्हणालो दिवा लावा. दोघी जावांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही घराला आग लावा म्हटलंय. रंगाचं काम थांबलं ते थांबलं. जांभळ्या कडेसकट धाकटीने चारी काठ दुमडून टाचले आणि गोधडी बांधली.

रविवारी फाटकापाशी चिमणीची गाडी उभी होती आणि भांडण चालू होतं.

"जांभळी बाजू पायाकडे घे," अक्का सांगत होती. "कुणाला दिसायला नको."

"डोक्याकडे घे," धाकटी म्हणाली. "ती माझी आहे. दिसू दे सगळ्यांना. कुणी विचारलं तर सांग, हा जांभळा काकूने दिलाय."

"काकूने कशाला? शिवला मी!"

"पण दिला मी!"

"माझी पोरगी आहे, पायाकडे घेईल!"

"मी गोल गोल फिरवत झोपेन," चिमणी खिडकीतून म्हणाली. ती रडत होती की रागावली होती ते मला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी सांगितलं नसतं. गाडी वळणावर गेली तरी दोघी हातवारे करतच होत्या.

दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली तेव्हा अक्का म्हणाली, मी जाणार नाही. "हा असाच राहू दे. चांगल्या चंद्राला मी मळका म्हणाले, ते कुठल्या डोळ्याने, हे मला रोज बघायचंय."

धाकटी जिन्यात उभी होती. गुडघ्यांसकट खाली आली.

"मामा, सांगा तुमच्या बहिणीला," ती मला म्हणाली, "नाटकं पुरे. एका डोळ्याच्या बाईशी भांडताना मला तिची दया येते, आणि मला दया करायची नाहीये. अजून माझा राग संपलेला नाही."

अक्काने चप्पल घातली. दारात थांबून टेबलावरचा एक तुकडा उचलला आणि धाकटीपुढे नाचवला.

"हा कुठला?"

"जांभळा."

अक्काने नवा डोळा झाकला, मग जुना झाकला, तुकडा उजेडात धरला, आणि तिची शीर पुन्हा उडायला लागली.

"जांभळाच आहे," ती ओरडली, आणि आम्ही दवाखान्याला निघालो.